दोन आज्या, एक कुंपण

बारावीला लातुरात क्लास लावला की घरच्यांची एकच अपेक्षा असते: पोरगी डॉक्टर व्हावी. नीटचा आकडा जरा घसरला आणि खासगी कॉलेजची फी ऐकून वडील गप्प झाले की नकाशावर अचानक एक नवं गाव उगवतं. आमच्या घरी उगवलं ते उफा. रशियातल्या बाश्कोर्तोस्तान प्रजासत्ताकाची ही राजधानी. उरल पर्वताच्या पश्चिमेला, बेलाया नदीच्या काठी १५७४ साली बांधलेल्या किल्ल्याभोवती वाढलेलं शहर, आज अकरा लाखांवर वस्तीचं. तिथल्या बाश्कीर स्टेट मेडिकल युनिव्हर्सिटीची स्थापना १९३२ची. एजंटच्या माहितीपत्रकात होस्टेल, इंडियन मेस आणि फीचे हप्ते सगळं होतं. तिथं माणसं कोण राहतात, याचा मात्र एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

राहतात ते बाश्कीर, रशियन, तातार आणि आणखी किती तरी लोक. बाश्कीर बहुतांशी मुसलमान, त्यांची भाषा तुर्की कुळातली. रशियन बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. कैक पिढ्या शेजारी राहिलेले. मी कंधारची, त्यामुळे दर्गा आणि मठ एकाच गावात असतो याचं मला नवल नव्हतं. पण हे शेजारपण रोजच्या रोज कसं चालवतात, ते मी पाहिलं आम्हाला रशियन शिकवणाऱ्या बाईंच्या माहेरी. क्रास्नोउसोल्स्की या लहानशा गावात त्यांच्या आई राहायच्या, बाश्कीर. कुंपणापलीकडे एक रशियन आजी. सुट्ट्यांमध्ये बाई मला सोबत न्यायच्या. आता नांदेडला प्रॅक्टिस करते, तर उफाला निघालेली पोरं आणि त्यांचे आई-बाप भेटायला येतात आणि थंडीचे कपडे किती घ्यायचे ते विचारतात. कपड्यांचं सांगून झालं की मी त्यांना पुढच्या गोष्टी सांगते.

१. शहरात राहून देश पाहिला, असं समजू नका

उफात भारतीय पोरांचा घोळका मोठा असतो. मेसमध्ये वरण-भात मिळतो, शेजारच्या खोलीत अहमदपूरचा कुणी भेटतो, घरच्यांशी रोज व्हिडिओ कॉल होतो. घड्याळाचाही त्रास नाही, उफा आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. अशाने सहा वर्षं निघून जातात आणि पोरगं परत येतं तेव्हा त्याला तिथला बर्फ तेवढा आठवतो.

गाव पाहायचं तर बस पकडून बाहेर पडावं लागतं. क्रास्नोउसोल्स्की उफाच्या दक्षिणेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बारा हजारांच्या घरात वस्ती, गफुरी जिल्ह्याचं ठिकाण. या जिल्ह्याला नाव दिलंय ते मजीत गफुरी या कवीचं. त्यांचा जन्म याच भागातल्या एका खेड्यातला आणि त्यांना बाश्कीर आणि तातार दोघंही आपलं मानतात. लाकडी घरं, खिडक्यांना कोरीव चौकटी, परसात बटाटे, कोबी, शेपूची भाजी, मागं वाफेच्या स्नानाची खोली. दुकानांच्या पाट्या दोन भाषांत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पहिल्या दिवशी करमत नाही, हे खरं. दुसऱ्या दिवशी कुणी तरी बटाटे काढायला बोलावतं आणि तिथून गाव सुरू होतं.

२. रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि फुलं मोजून न्या

रशियन घरी जाताना फुलं नेली तर ती विषम संख्येत हवीत. तीन चालतील, पाच चालतील. चार नेलीत तर यजमानांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलेल, कारण सम संख्येतली फुलं मयताला वाहतात. उंबरठ्यावरून हात मिळवायचा नाही, एक तर आत या, नाही तर त्यांना बाहेर येऊ द्या. बूट दारातच काढायचे, आणि घरात घालायला तुमच्यासाठी सपाता ठेवलेल्या असतात त्या मुकाट घालायच्या. उंबरठ्याचा मान आपल्याला कुणी शिकवायला नको.

घरच्या आजींना, म्हणजे बाईंच्या आईंना, मी आपल्याकडची चहापत्ती न्यायची. सोव्हिएत काळात हत्तीचं चित्र असलेल्या पाकिटातून भारतीय चहा विकला जायचा, तो त्या पिढीला अजून आठवतो. त्या पाकिटाबरोबर ‘सीता और गीता’ही निघतो, तो चित्रपट तिथं तुफान चालला होता. शेजारच्या आजींनी हेमामालिनीची तब्येत मला अशी विचारली, जशी काही ती आमच्या गल्लीत राहते.

३. चहाला बसलात की उठायची घाई करू नका

हा धडा मी टेबलाशी बसून शिकले. घरच्या आजी लहान किटलीत चहाचा कडक अर्क काढायच्या, अगदी काळा. तो कपात बोटभर ओतायचा आणि वरून समोवारचं, म्हणजे पाणी तापवायच्या तोटीच्या भांड्याचं, उकळतं पाणी. समोवार आता विजेवरचा. जुना पितळी, कोळशाचा, कपाटावर झाकून ठेवलेला. बाश्कीर माणूस चहात दूध घालतो, कधी घट्ट साय. रशियन माणूस कोरा पितो, सोबत लिंबाची चकती किंवा बशीत बेरींचा मुरंबा. शेजारच्या आजी आल्या की घरच्या आजी न विचारता त्यांचा कप दुधाविना ठेवायच्या, आणि मुरंब्याची बरणी फळीवरून खाली यायची. ती बरणी घरात दुसरं कुणी खात नव्हतं. शेजारच्या आजींकडे गेलं की तिथं फ्रीजमधून दूध निघायचं, घरच्या आजींसाठी.

कप कधी काठोकाठ भरत नसत. अर्धा भरायचा, संपला की पुन्हा गरम. मी दोन कपांनंतर हात आडवा धरला तर आजी म्हणाल्या, ‘‘बस गं, अजून तू काहीच बोलली नाहीस.’’ चहा ही तिथं बैठक आहे. बातम्या, भांडणं, औषधं, सुनांच्या तक्रारी, सगळं त्या कपांवर निघतं. दहा मिनिटांत उठलात तर घर बघून गेलात, घरच्यांना भेटला नाहीत.

४. जे खात नाही ते आधीच सांगून टाका, मग जे देतील ते पोटभर खा

आमचं घर माळकरी. बाश्कीर मेजवानीचा मान म्हणजे बेशबर्माक: रुंद शेवया, रस्सा आणि मांस, अनेकदा घोड्याचं. ताटात आल्यावर नाक मुरडलं तर अपमान होतो, आधी सांगितलं तर काही होत नाही. बाईंनी फोनवरच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे माझ्यासाठी किस्तिबी व्हायचे, म्हणजे तव्यावर भाजलेली पातळ पोळी अर्धी दुमडून आत लोण्यातला कुस्करलेला बटाटा. ते खाताना मला घरची आठवण यायची आणि ठेचा नसल्याचं दुःखही व्हायचं.

शाकाहारी माणूस तिथं उपाशी मरतो, ही अफवा आहे. कोबीचे, बटाट्याचे पिरोग, म्हणजे सारण भरलेले पाव, असतात. रशियन घरात ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, साईबरोबर. कणकेचे तळलेले तुकडे मधात घोळवून केलेला चाक-चाक. कोरोत, म्हणजे आंबट दही आटवून, मीठ घालून वाळवलेले गोळे. रश्श्यात विरघळवतात, पण आम्ही पोरी नुसते चघळायचो. उन्हाळ्यात घोडीच्या दुधाचा आंबवलेला कुमिस. तो आंबट लागतो, त्यात थोडा अल्कोहोल असतो, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी जपून. आणि मध! बाश्कीर मधाची कीर्ती रशियाभर आहे. उरलच्या बाजूला बुर्झ्यान भागात जिवंत झाडाच्या उंच खोडात ढोली कोरून रानमाश्यांचा मध काढण्याची जुनी रीत आजही टिकून आहे, आणि त्या माश्यांसाठी शुल्गान-ताश हे राखीव जंगल आहे.

५. शेजाऱ्याचं पंचांग पाठ असू द्या

हा मला मिळालेला सगळ्यात मोलाचा धडा. मी होते तेव्हा रमजान जूनच्या आसपास यायचा. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, आणि पहाट तर मध्यरात्र उलटली की लगेच. रोजा एकोणीस तासांपर्यंत लांबतो. घरच्या आजी जमेल तितके रोजे धरायच्या. शेजारच्या आजी त्या महिन्यात दुपारी कढई चढवत नसत, कारण वारा या अंगणातून त्या अंगणात. कुणी सांगितलं होतं असं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘‘संध्याकाळी तळलं म्हणून पिरोग कडू लागतात का?’’

उलट बाजूनेही तसंच. ईस्टरच्या आधी घरच्या आजी कांद्याची सुकी सालं पिशवीत साठवायच्या आणि कुंपणावरून पलीकडे द्यायच्या. त्या सालांच्या पाण्यात अंडी उकडली की तांबूस तपकिरी रंग चढतो. सणाच्या सकाळी त्यातली चार-सहा अंडी आणि गोड कुलिच पाव परत कुंपणावरून इकडे. बाश्कोर्तोस्तानात ईद-उल-फित्र आणि बकरी ईद या दोन्ही दिवशी सरकारी सुट्टी असते, आणि ऑर्थोडॉक्स नाताळची ७ जानेवारीची सुट्टी तर देशभर. पण सरकारने दिलेल्या सुट्टीने शेजार होत नाही. कांद्याची सालं कुणी तरी आठवणीने साठवावी लागतात.

त्या दोघींनी एकमेकींचा धर्म घेतला नाही, त्यावर भाषणंही केली नाहीत. एकीच्या देवावर दुसरीची श्रद्धा होती असंही नाही. शेजारणीच्या देवाचे दिवस तेवढे त्या सांभाळायच्या.

६. पाण्याजवळ गेलात तर आधी पाहा, मग ओंजळ पुढे करा

क्रास्नोउसोल्स्कीची ख्याती झऱ्यांसाठी. उसोल्का नदीच्या काठी खनिज पाण्याचे कितीतरी झरे आहेत, काही खारे, काही गंधकाच्या वासाचे. पूर्वी इथं मीठ काढत. १९२४ मध्ये सॅनिटोरियम सुरू झालं आणि आजही लोक सांधे, पोट, त्वचा असे आजार घेऊन येतात.

याच खारट झऱ्यांपाशी सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेरीमातेचं चित्र प्रकटलं, अशी ऑर्थोडॉक्स भाविकांची श्रद्धा. ती ताबिन्स्कची माता. ईस्टरनंतरच्या नवव्या शुक्रवारी तिचा उत्सव, लांबून पायी येणारे भाविक, थंड पाण्यात तीनदा बुडी. मूळ चित्र रशियन यादवीत अतामान, म्हणजे कोसॅक सरदार, दुतोव यांच्या फौजेबरोबर चीनमध्ये गेलं आणि तिथं हरवलं. आज पूजा होते ती प्रतिकृतींची. मूळ चित्र नसलं म्हणून पायी येणारे थांबले नाहीत, हे वारीच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी तो झरा पहिल्यांदा पाहिला तो २०१६चा उन्हाळा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी लातूरला आलं होतं. धाकटा भाऊ तिथं क्लासला होता आणि फोनवर टँकरच्या वेळा सांगायचा. इथं पाणी आपोआप वाहून नदीला मिळत होतं. पण लोक त्याच्याशी वागत होते ते जपून. झऱ्यात पाय कुणी घालत नव्हतं, स्नानाची जागा वेगळी, पिण्याची वेगळी. घरच्या आजींनी ओंजळ भरताना बिस्मिल्ला म्हटलं, पुढच्या बाईने क्रूसाची खूण केली, मी हात जोडले. रांग पुढे सरकली.

७. म्हाताऱ्या माणसाला पूर्ण नावाने हाक मारा

रशियनमध्ये वडीलधाऱ्यांना नुसत्या पहिल्या नावाने बोलवत नाहीत. स्वतःचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं नाव, असं दोन्ही घ्यायचं. हॉस्पिटलमध्ये आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. केसपेपरवर आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं. फरक एवढाच, की आपण ते फक्त लिहितो, ते लोक उच्चारतात. बाश्कीर घरात मात्र नात्याने हाक: मोठ्या बाईला ‘अपाय’, मोठ्या माणसाला ‘अगाय’. कोणत्या दारात कोणती हाक, ते दाराच्या आत जाण्याआधी ठरवून ठेवा.

नांदेडला ओपीडीत मी आजही रुग्णाला ‘ओ आजोबा’ म्हणण्याआधी केसपेपर वाचते आणि वडिलांच्या नावासकट हाक मारते. खेड्यातून आलेला म्हातारा ताठ बसतो आणि दुखणं नीट सांगतो. परदेशी शिक्षणाचा मला झालेला हा सगळ्यात स्वस्त फायदा.

८. जत्रा चुकवू नका

पेरणी उरकली की जूनमध्ये सबांतुई भरतो, पेरणी सरल्याचा उत्सव. मैदानात घोड्यांच्या शर्यती, गुळगुळीत उंच खांबावर चढण्याची चढाओढ, पोत्यात पाय घालून पळणं. कुराई या बासरीचे सूर. ही बासरी ज्या रानवनस्पतीच्या पोकळ दांड्यातून करतात, तिचं फूल बाश्कोर्तोस्तानच्या झेंड्यावर आहे आणि त्याच्या सात पाकळ्या सात टोळ्यांची खूण मानतात. पण गर्दी खेचते ती ‘कुरेश’, म्हणजे कुस्ती. दोन्ही मल्लांनी एकमेकांच्या कमरेला टॉवेल वेढायचा, त्याचीच पकड धरायची आणि उचलून पाठीवर टाकायचं. मानाच्या मल्लाला बक्षीस मेंढा. तो जिवंत मेंढा खांद्यावर घेऊन मल्ल मैदानाला फेरी मारतो तेव्हा म्हातारे उठून उभे राहतात.

मैदानात बाश्कीर, रशियन, तातार सगळे उतरतात आणि पंच कोणाचा यावरून वादही होतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला इथं कुणी हात धरून फिरवावं लागत नाही. घोडे कुठं बांधलेत आणि खायची दुकानं कुठं, हे त्याचं त्याला कळतं.

९. सगळं गोडच आहे, असं चित्र रंगवू नका

पाहुण्याला घरातली चांगली खोली दाखवतात. म्हणून गावात दुखणी नाहीत असं नव्हे. सोळाव्या शतकात बाश्कीर मुलूख रशियाला जोडला गेला, आणि नंतर जमिनीवरून, करांवरून उठाव झाले. रशियन सत्तेविरुद्धच्या १७७३ ते १७७५ च्या पुगाचोव्हच्या बंडात लढलेला सलावत युलायेव हा इथला नायक. पकडल्यावर त्याला बाल्टिक किनाऱ्यावर जन्माची सक्तमजुरी झाली आणि तिथंच १८०० मध्ये तो वारला. उफात बेलायाच्या उंच काठावर त्याचा घोड्यावरचा भव्य पुतळा आहे. गंमत अशी, की त्या बंडात रशियन शेतकरी आणि कोसॅकही त्याच्या बाजूला होते. म्हणजे ‘ते विरुद्ध हे’ असा सरळ हिशेब तिथंही बसत नाही.

सोव्हिएत काळात मशिदी आणि चर्च दोन्ही बहुतेक बंद पडली. सण घरात, पडदे लावून, आज्यांनी जपले. १९९१ नंतर दारं पुन्हा उघडली. भाषेचंही तसंच. बाश्कीर आधी अरबी लिपीत लिहीत, मग काही वर्षं लॅटिन, आणि १९४० च्या सुमारास सिरिलिक. घरच्या आजींकडे त्यांच्या वडिलांची वही होती, अरबी अक्षरांतली. घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. मला आमच्या आजोबांची पेटी आठवली: निजामाच्या काळातले जमिनीचे कागद, उर्दूत. आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, त्यांना घडाघडा वाचता यायचं; ते गेले आणि कागद मुके झाले. २०१८ मध्ये रशियात कायदा बदलला आणि शाळांमध्ये प्रजासत्ताकांच्या भाषा शिकणं ऐच्छिक झालं. आजींचा नातू आजीशी रशियनमध्येच बोलतो. आजी बाश्कीरमध्ये उत्तर देतात.

अशा गोष्टी निघाल्या की पाहुण्याने निवाडा देऊ नये. आपल्याकडे अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अॅक्शनचा विषय निघाला की एकाच गल्लीतली दोन घरं दोन आठवणी सांगतात. बाहेरच्याने त्यात न्यायाधीश झालेलं आपल्याला आवडेल का? ऐकावं, चहा प्यावा.

आणि एक व्यवहाराचं. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून तिकडची हवा बदलली आहे. जाण्याआधी आपल्या दूतावासाच्या सूचना पाहा, वैद्यकीय आयोगाचे नियम तपासा. एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

१०. आपल्या गावीही एकदा पाहुणं म्हणून जा

परत आल्यावर मी कंधार पुन्हा पाहिलं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपूरचा स्वामी म्हणवून घ्यायचा, ते हे कंधार. खंदकाने वेढलेला भुईकोट, जगत्तुंग समुद्र नावाचा जुना तलाव, मानसपुरीजवळ सापडलेले क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आणि त्याचा उरूस. साधू महाराजांचा मठ आणि पंढरीला जाणारी त्यांची दिंडी. भाई केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांसाठी साहित्य संमेलन भरवलं, तेही याच मातीत. हे सगळं लहानपणापासून पायाखालचं, म्हणूनच कधी न पाहिलेलं.

मग मी विचारायला लागले. उरुसात आमच्या गल्लीतल्या कुठल्या घरून काय जातं? एकादशीला शेजारच्या चाचींच्या घरून केळी का येतात? आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘यात विचारायचं काय? आधीपासून येतात.’’ म्हणजे आमच्याकडेही कांद्याची सालं साठवणारं कुणी तरी होतंच. फक्त ते काम आईच्या आणि चाचींच्या पिढीवर सोडून आम्ही मोकळे झालो होतो. त्या दोघी थकल्या की हे पंचांग कुणी सांभाळायचं, हा प्रश्न उफाइतकाच कंधारलाही लागू आहे. मी माझ्यापुरतं काम उचललंय: चाचींच्या घरचे दिवस आता माझ्या मोबाईलमध्ये आहेत आणि ईदच्या आदल्या दिवशी सुकामेवा पोचवण्याची जबाबदारी माझी.

तेव्हा नांदेडला हुजूर साहिबला येणाऱ्यांनी एक दिवस जास्त काढावा. कंधार पन्नासेक किलोमीटरवर आहे. किल्ला तासाभरात पाहून लगेच परतू नका. कुणी चहाला बोलावलं तर बसा, बूट दारात काढा, आणि कप अर्धा भरलेला असेल तर पुन्हा भरू द्या.